पंपाला दोन ग्रॅम: अश्वगंधेच्या एका शेताचं प्रकरण

फोटोत अश्वगंधेचं एक पान होतं. मध्ये हिरवं, कडेनं तपकिरी. पापड भाजताना कडा आधी करपाव्यात तसं. खाली दादानं लिहिलं होतं, "अगं, तुझं औषध जास्त झालं का?"

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. सांवेरकडे त्याची शेती आहे, इंदूरपासून तासाभरावर. घर पिढ्यान्‌पिढ्या लसूण-बटाट्याचं. अश्वगंधा हा त्याचा अलीकडचा नाद. मी इथे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे शेतात काहीही हललं की पहिला फोन मला. या वेळचा फोन मात्र माझ्याच चुकीमुळे आला होता. पुढे विद्यार्थ्यांना शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

आधी पार्श्वभूमी. आदल्या हंगामात दादानं वाळलेली मुळं मंडीत न नेता थेट अर्क काढणाऱ्या एका खरेदीदाराला द्यायचं ठरवलं. भाव चांगला ठरला, पण अट होती: मुळांत विथॅनोलाइडं, म्हणजे अश्वगंधेतली औषधी द्रव्यं, किमान ०.३ टक्के हवीत. तपासणीचा कागद आला तेव्हा आकडा त्याच्या खाली होता आणि सौदा मोडला. दादा चिडला, कारण माल दिसायला देखणा होता. मुळं जाड, सरळ, बोटानं मोडली की टचकन तुटणारी, आत खडूसारखी पांढरी. नीमचच्या मंडीत याच गोष्टी बघतात. सात सेंटिमीटरच्या आसपास लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, ठिसूळ आणि आतून शुभ्र मूळ म्हणजे पहिली प्रत. बारीक, पोकळ, पिवळट तुकडे शेवटच्या ढिगात जातात. दादानं तोच माल पुढे नीमचला नेला आणि तिथे तो पहिल्या प्रतीत गेला.

एकाच मुळाला एका ठिकाणी शाबासकी आणि दुसऱ्या ठिकाणी नकार. खरं तर इथेच आम्ही दोघांनी थांबून विचार करायला हवा होता. आम्ही केला नाही.

वहिनींचं माहेर नाशिककडचं, द्राक्षबागायतदारांचं. तिकडे संजीवक हा शब्द चहा-साखरेइतका रोजचा. जीएच्या द्रावणात घड बुडवले की मण्यांची फुगवण होते, हे त्यांच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला: १९२६ साली कुरोसावा या जपानी संशोधकानं दाखवलं की रोपं वेड्यासारखी उंच वाढवणारं द्रव्य बुरशी सोडते. वाढवणं हेच त्याचं काम. त्यामुळे दादाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की संजीवक मारलं की पिकात भर पडते. मग मुळातलं औषधी द्रव्य वाढवणारंही एखादं संजीवक असणारच. त्यानं मला विचारलं आणि मी, पुस्तकी माणूस, म्हणाले, "सॅलिसिलिक आम्ल वापरतात."

हे खोटं नव्हतं. अश्वगंधेच्या केसाळ मुळांवर, म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या संसर्गातून तयार करून काचेच्या चंबूत वाढवलेल्या मुळांवर, सॅलिसिलिक आम्ल आणि मिथाइल जॅस्मोनेट यांचे बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांत विथॅनोलाइडं कित्येक पट वाढलेली दिसली आहेत. मिथाइल जॅस्मोनेट महाग आणि उडून जाणारं. सॅलिसिलिक आम्ल मात्र स्वस्त. पायाच्या कुरुपांवरच्या मलमात असतं तेच. दादानं मात्रा विचारली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "एक मिलिमोलर."

आता सांगा, शेतकऱ्यानं या दोन शब्दांचं काय करायचं? त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला: एक म्हणजे एक ग्रॅम, लिटरला. पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा, म्हणून पंपाला पंधरा ग्रॅम. प्रत्यक्षात सॅलिसिलिक आम्लाचा रेणुभार १३८ आहे, म्हणजे एक मिलिमोलर म्हणजे लिटरला १३८ मिलिग्रॅम. पंपाला जेमतेम दोन ग्रॅम. दादानं सातपट मारलं. मी "१३८ पीपीएम" (दहा लाखांत १३८ भाग) असं लिहिलं असतं तरी तो चुकला नसता, कारण पीपीएम त्याला पाठ आहे. प्रयोगशाळेतलं एकक मी तसंच्या तसं शेतात पाठवलं, ही सरळसरळ माझी चूक.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोहे-जिलेबी बाजूला ठेवून मी शेतावर गेले. करपलेली झाडं एकसारखी पसरलेली नव्हती. काही ओळी धडधाकट, मग पाच-सात झाडं भाजलेली, पुन्हा धडधाकट. दादाबरोबर ओळी मोजत गेलो तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक पंप जिथे संपत आला होता तिथेच झाडं जास्त करपली होती. त्यानं पावडर सरळ टाकीत ओतली होती. सॅलिसिलिक आम्ल थंड पाण्यात फार संथ विरघळतं, हलके स्फटिक वर तरंगत राहतात. पंप खालून पाणी ओढतो, म्हणून सुरुवातीचा फवारा पातळ होता आणि तळाशी पोचेपर्यंत सगळा मुद्देमाल शेवटच्या झाडांवर गेला. वर सामूही (पीएच) खाली गेलेला. एवढ्या तीव्रतेचं हे द्रावण चांगलंच आंबट असतं. नशीब, सहाच पंप मारून झाले होते आणि शेताचा एक कोपराच सापडला होता.

आपल्या भाषेतला "संजीवक" हा शब्द इथे घात करतो, असं माझं मत झालं आहे. संजीवक म्हटलं की जीव ओतणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, खताचं लहान भावंड जणू. पण झाडाच्या आत संप्रेरक हा निरोप असतो. त्यात पोषण नसतं. निरोप ऐकून काय करायचं ते झाड ठरवतं आणि ते हातातल्या शिधासामग्रीतूनच करतं. जिबरेलिनचा, म्हणजे द्राक्षवाल्या जीएच्या कुळाचा, निरोप "वाढ" असा. जॅस्मोनेटचा निरोप "कोणीतरी चावतंय". सॅलिसिलिक आम्लाचा ढोबळ निरोप "आत रोग शिरलाय". अब्सिसिक आम्लाचा निरोप "पाणी आटलंय". आपण ज्यांना उपयुक्त नैसर्गिक द्रव्यं म्हणतो, ती बहुतेक या शेवटच्या तीन निरोपांची उत्तरं असतात: कडवट, विषारी, किडीला आणि बुरशीला नकोशी वाटणारी. माणसाला त्यातून औषध मिळतं हा योगायोग.

जॅस्मोनेटची गोष्ट यात सगळ्यात सुरेख आहे. मिथाइल जॅस्मोनेट १९६२ साली चमेलीच्या तेलातून वेगळं काढलं गेलं, सुगंधाचा एक घटक म्हणून. पुढे १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी बंद डब्यात टोमॅटोची रोपं आणि एका रानटी झुडपाच्या फांद्या शेजारी ठेवल्या. झुडपाचा मिथाइल जॅस्मोनेट हवेतून टोमॅटोपर्यंत पोचला आणि टोमॅटोनं, त्याला कोणी चावलेलं नसताना, अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनवायला घेतली. शेजाऱ्याच्या घरचा आरडाओरडा ऐकून आपलं दार लावून घ्यावं तसं. दोनच वर्षांनी त्सेंक यांच्या गटानं अनेक वनस्पतींच्या पेशी चंबूत वाढवून दाखवलं की हा निरोप दिला की त्या आपापली संरक्षक द्रव्यं बनवू लागतात. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी तॅक्सस या झाडाच्या पेशींना मिथाइल जॅस्मोनेट देऊन कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेलचं उत्पादन वाढवलं.

पेशीच्या आत काय होतं ते २००७ मध्ये नीट कळलं. संरक्षणाची जनुकं चालू करणारा मायसी-२ नावाचा मुकादम असतो आणि त्याचा हात धरून ठेवणारी जॅझ नावाची प्रथिनं असतात. जॅस्मोनेट आलं की जॅझ मोडीत निघतात आणि मुकादमाचा हात सुटतो. गंमत अशी की याच जॅझ प्रथिनांना डेला नावाची प्रथिनं अडकवून ठेवू शकतात, आणि जिबरेलिन आलं की डेला नष्ट होतात. म्हणजे वाढीचा निरोप जोरात असेल तर डेला कमी, जॅझ मोकळी आणि मुकादम पुन्हा जखडलेला. दादाचं द्राक्षाचं गणित अश्वगंधेला का लागू पडत नाही, याचं उत्तर या साखळीत आहे. वाढ आणि संरक्षण एकाच तिजोरीतून खर्च करतात.

अश्वगंधेत तर ही ओढाताण रेणूच्या पातळीवरही दिसते. विथॅनोलाइडं ही २८ कार्बनी स्टेरॉइडवर्गीय द्रव्यं. त्यांतल्या विथाफेरिन-एची रचना १९६५ साली लावी आणि सहकाऱ्यांनी उलगडली. ती ज्या वाटेनं बनतात त्या वाटेवर २४-मिथिलीन कोलेस्टेरॉल नावाचा एक फाटा लागतो. इथून एक रस्ता विथॅनोलाइडांकडे जातो, तर दुसरा ब्रासिनोस्टेरॉइडांकडे, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच वाढीच्या संप्रेरकाकडे. माल एकच, घेणारे दोन.

आणखी एक बारकावा. फवारा पानावर, पण माल हवा मुळात. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की विथॅनोलाइड-ए मुळांतच अगदी पहिल्या पायरीपासून तयार होतं, ते पानातून उतरून येत नाही. म्हणजे पानाला दिलेला निरोप खाली पोचायला हवा, पानात चार थेंब जास्त बनून भागत नाही. चंबूतल्या मुळांना हा प्रश्नच नसतो. त्यांना पानंच नसतात, आयती साखर मिळते आणि निरोप थेट अंगावर ओतला जातो. "कित्येक पट" हे आकडे तिथले आहेत. ते सांवेरच्या काळ्या जमिनीत पेरायचे नसतात.

करपलेलं शेत समोर होतंच, तर त्यातून काहीतरी शिकून घ्यावं म्हणून आम्ही पट्ट्या पाडल्या. करपलेला कोपरा एक. त्याच्या शेजारी योग्य मात्रेची पट्टी: दोन ग्रॅम पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पंपात. तिसरी पट्टी फक्त स्पिरिट आणि पाण्याची, कारण काही फरक दिसलाच तर तो स्पिरिटचा नाही हे कळायला हवं. विद्यार्थी नेमकी हीच पट्टी विसरतात. चौथी, काहीच न केलेली. मी निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बांधाकडची मुरमाड पट्टीपण घ्या की. तिथे पाणी चढतच नाही, झाडंपण खुरटी असतात." मी केवळ त्यांचा मान राखायचा म्हणून पाचवी पट्टी घेतली. हे कबूल करायला हवं.

खुदाई तीन आठवड्यांनी झाली, पानं पिवळी पडून फळं लाल झाल्यावर. प्रत्येक पट्टीतली पंचवीस झाडं उपटून मुळं धुतली, सावलीत वाळवली आणि वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. मग माझ्याकडे कुटून, अर्क काढून सिलिकाच्या प्लेटवर पाच ठिपके शेजारी-शेजारी ठेवले. प्लेट पात्रात उभी केली की द्रावक वर चढत जातो आणि ठिपक्यातली द्रव्यं आपापल्या उंचीवर थांबत जातात. नंतर अ‍ॅनिसाल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्लाचा फवारा देऊन गरम केलं की कोऱ्या प्लेटवर रंगीत पट्टे उगवतात. तीस वर्षं हे करते आहे, अजूनही तो क्षण आला की मी श्वास रोखून बघते.

दोन ग्रॅमवाल्या पट्टीचे पट्टे काहीच न केलेल्यापेक्षा किंचित गडद होते. स्पिरिटवाली जशीच्या तशी. करपलेल्या कोपऱ्याचे आणखी गडद, पण तिथली मुळं वजनाला सरळ कमी भरली होती. आणि सगळ्यात ठसठशीत पट्टे होते वहिनींच्या मुरमाड बांधाचे, जिथे कोणी कसलाच फवारा मारला नव्हता. पुढे पैसे भरून बाहेर तपासणी केली तेव्हाही हाच क्रम आला. आकडे मुद्दाम देत नाही. एका शेताचे, एका हंगामाचे, पंचवीस-पंचवीस झाडांचे आकडे छापले की ते कोणीतरी सल्ला म्हणून वापरतं, आणि तसला एक सल्ला देऊन माझं पोट भरलेलं आहे.

दादा खूश झाला. "म्हणजे झाडाला त्रास दिला की औषध वाढतं!" मी त्याला एक हिशोब मांडून दाखवला, वहीच्या मागच्या पानावर. समजा एका हेक्टरात सहाशे किलो मुळं निघाली आणि टक्का ०.३ आहे. विथॅनोलाइडं झाली १.८ किलो. आता झाडाला त्रास दिला, टक्का चढून ०.३६ झाला, पण मुळं पाचशे किलोच निघाली. पाचशेचे ०.३६ टक्के किती?

त्यानं मोबाइल काढला. "१.८."

तेवढीच. कागदावर टक्का पाचव्या हिश्श्यानं चढला आणि झाडानं एक ग्रॅमही जास्त बनवलेला नाही. फक्त पिष्ट कमी साठवलं. नाव औषध वाढलं असं होणार आणि प्रत्यक्षात शेतकऱ्याचं एक क्विंटल वजन गेलेलं असणार. बारीक मुळात सालीचा वाटा मोठा आणि आतल्या पांढऱ्या पिठाचा कमी, एवढ्यानंही टक्का चढू शकतो. संप्रेरकामुळे द्रव्य वाढलं असा दावा कुठेही वाचला की मी आता पहिल्यांदा वजनाचा रकाना शोधते. तो नसेल तर पुढे वाचत नाही.

कारखान्यांनी या पेचातून वाट काढली ती दोन टाक्या मांडून. जपानमध्ये १९८० च्या दशकात शिकोनिन हे लाल रंगद्रव्य पेशींतून बनवायला लागले तेव्हा पहिल्या टाकीत नुसती वाढ करून घ्यायचे, मग पेशी दुसऱ्या टाकीत हलवायचे, जिथलं द्रावण वाढीला नव्हे तर द्रव्याला पोषक. शेताला दुसरी टाकी नसते, पण दिनदर्शिका असते. आधी वाढू द्यायचं आणि शेवटच्या काही आठवड्यांत निरोप द्यायचा.

आता मूळ प्रश्न: पहिल्या वर्षी टक्का कमी का आला? दादाची वही चाळली तेव्हा उत्तर शाईत लिहिलेलं सापडलं. त्यानं अश्वगंधेला लसणासारखं वाढवलं होतं. युरिया दोनदा, पाणी सहा वेळा, शेवटचं पाणी खुदाईच्या आठच दिवस आधी. मंदसोर-नीमच-मनासाकडे हे पीक हलक्या, लालसर, निचऱ्याच्या जमिनीत, पावसाळा ओसरताना पेरून जवळजवळ पावसाच्या उरल्या ओलीवर काढतात. तिथलं झाड पाचेक महिन्यांच्या आयुष्याचा शेवट कोरड्या मातीत काढतं, आणि कोरड्या मातीत मुळंच अब्सिसिक आम्लाचा निरोप पाठवतात, फुकट, योग्य मात्रेत, मिलिमोलरची भानगड न करता. दादाचं झाड सुखवस्तू होतं. त्याला कशाचीच भीती नव्हती, म्हणून त्यानं पीठ साठवलं. मंडीला तेच पीठ आवडलं, अर्कवाल्याला नाही.

(ज्या इंदुरात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत घडवली, तिथल्या माणसानं जमिनीला खाऊ घालण्यात कसर ठेवू नये हे बरोबरच. पण अश्वगंधेला खाऊ घालताना हात आखडता घ्यावा.)

मधल्या काळात एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं दादाला सोपा उपाय सुचवला होता: पानं वाळवून भुकटीत मिसळ, टक्का आपोआप चढेल. चढतो, कारण विथाफेरिन-ए पानांत भरपूर असतं. पण मूळ आणि पान यांचे पट्टे प्लेटवर वेगवेगळं चित्र देतात, नेमकं तपासणाऱ्याला ते लपत नाही. शिवाय आयुष मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्येच उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं कळवलं आहे. दादा व्यापाऱ्याला म्हणाला, "भिया, ये अपने से नहीं होगा." तो विषय तिथे संपला.

कोणीतरी विचारेलच, की मग सॅलिसिलिक आणि जॅस्मोनेट दोन्ही मिसळून मारले तर? बऱ्याच झाडांत हे दोन निरोप एकमेकांना दाबतात. रोगाशी लढताना अळीकडे दुर्लक्ष होतं आणि उलटही. दोन घंटा एकदम वाजवल्या म्हणून काम दुप्पट होत नाही.

पुढच्या हंगामासाठी दादानं ठरवलं ते माझ्या सल्ल्यापेक्षा शहाणपणाचं निघालं. फवारणी बंद. युरिया एकदाच, तोही सुरुवातीला. पाणी नोव्हेंबरअखेर तोडायचं. आणि माल काढल्यावर आधी जाडी बघून वेगळा करायचा: जाड, पांढरी मुळं नीमचला, बारीक, तंतुमय मुळं आणि बांधाकडचा सगळा माल अर्कवाल्याला, पण अर्कवाला टक्क्याप्रमाणे वाढीव दर लेखी देणार असेल तरच. नुसती किमान अट घालून दर सपाट ठेवणार असेल तर सगळंच मंडीत. "टक्का चढवायला वजन मी सोडणार," तो म्हणाला, "तर त्या वजनाचे पैसे त्यानं द्यायचे."

खरेदीदारानं अजून उत्तर दिलेलं नाही. उरलेल्या पावडरीची बरणी दादानं मला परत केली. वहिनींनी तिच्यावर जाड मार्करनं लिहिलं आहे: "एक पंप, दोन ग्रॅम. आधी विचारणे."